पाटलावर ठेवलेला नियम

भाजे गावच्या यशोधराबाई ओव्हाळ यांना काळजी करायला कारण लागत नसे. कारण मागाहून सापडतंच, असा त्यांचा अनुभव होता. त्यांचे यजमान सुहास देहूरोडच्या डेपोत कामाला. मळवलीहून सकाळची लोकल धरायची आणि संध्याकाळी त्याच रुळांवरून परत यायचं, यात हरवायला जागा नव्हती. तरी पोचल्याचा फोन आला नाही की यशोधराबाई स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून शेजारच्या झुंबरबाईंच्या पायरीवर येऊन थांबत.

"गाडी गेलीया न्हवं, मग मानूस बी गेला आसंल," झुंबरबाई शेंगा फोडता फोडता म्हणत.

"गाडी गेली ते आपल्याला इथनं ऐकू येतं, मावशी. माणूस गेला ते कुठनं ऐकू येणार?"

झुंबरबाई दोन शेंगा पुढे करत. यशोधराबाई त्या खात, पण जीव फोनकडे.

त्यांना मुलगी एकच, अमृता. मूल एकच असलं की काळजीला वाटेकरी उरत नाही. अमृताने सायकल चालवायची, पण उतार आला की उतरून चालायचं. लोकलमध्ये दाराशी उभं राहायचं नाही कारण पडशील, खिडकीशी बसायचं नाही कारण दगड येईल, आणि मधल्या बाकावर बसायचं पण झोपायचं नाही कारण मळवली निघून जाईल. कॉलेजात पोचल्यावर फोन, निघताना फोन, आणि निघायला उशीर होणार असेल तर उशीर होणार असल्याचा आगाऊ फोन. यशोधराबाईंनी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे नियम सांगताना त्या कारणही सांगत. ते कारण पटलं की नाही हे विचारायची पद्धत मात्र त्या घरात नव्हती. कधी कधी नियम संध्याकाळी जन्माला येई आणि त्याच दिवशी सकाळी तो मोडल्याबद्दल अमृताला बोलणी बसत.

अशा कडेकोट बंदोबस्तातही मुलगी मोठी झाली, एका कारखान्यात तपासणी विभागात लागली, तिथल्याच अतुल भालेरावशी तिचं जुळलं आणि लग्न होऊन ती वराळ्याला गेली. वराळे काही सातासमुद्रापार नाही. पण यशोधराबाईंना हायवेवरचा प्रत्येक ट्रक आपल्या मुलीच्याच अंगावर निघाल्यासारखा वाटे, त्यामुळे त्यांच्या हिशेबी ते दूरच होतं.

मग अमृताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे सांगायची गरज नव्हती. यशोधराबाईंनी मागच्या खोलीला चुना दिला. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली. डिंक कुठला चांगला यावर लोणावळ्याच्या दुकानदाराशी वाद घातला. बाळंतपण हे एक असं काम होतं, की ज्यात काळजी करणाऱ्या बाईला कोणी हसत नाही, उलट शहाणी म्हणतात. यशोधराबाई या दिवसाची आयुष्यभर वाट पाहत होत्या असं म्हटलं तरी चालेल.

आणि नेमकं तेव्हाच गावाच्या तोंडाशी गेट आलं.

लेणी, किल्ले आणि धबधबे यांच्या पायी शनिवार-रविवारी गाड्यांची अशी रांग लागे की गावातली म्हैस घरी यायला अंधार होई. तेव्हा सरकारने कायदा करून एक 'डोंगरपायथा पर्यटन नियमन प्राधिकरण' नेमलं. प्राधिकरणाने नियम केले, लोणावळ्यात कचेरी थाटली आणि रस्त्यावर लाल-पांढरा दांडा बसवला. गाव खूश झालं. सगळ्यांत खूश यशोधराबाई. दांडा बसवायला आलेल्या माणसांना त्यांनी स्वतः चहा नेऊन दिला होता, या गोष्टीची पुढे सुहास त्यांना वरचेवर आठवण करून देत असत.

गेटवर ड्यूटी लागली गावच्याच पप्पूची. पप्पू शाळेत अमृताच्या वर्गात होता, आणि गणिताच्या पेपराला तिच्या मागच्या बाकावर.

भाद्रपदातल्या एका शनिवारी अमृता आणि अतुल गाडीने आले. सातवा महिना लागला होता. पप्पूने दांडा खाली ठेवूनच हसून विचारलं, "काय गं, बरी हाय का? आधार दाव."

"पप्प्या, मी आहे."

"व्हय, पर मशिनला कुटं म्हाईतीय तू कोन ते." त्याने कार्ड मशिनला लावलं. मशिनने लाल दिवा दाखवला. "वराळ्याचा पत्ता हाय. म्हंजी पर्यटक."

प्राधिकरणाच्या नियमात पर्यटकाची व्याख्या अगदी सोपी होती. पायथ्याच्या गावांत ज्याचा राहता पत्ता नाही, तो सुट्टीच्या दिवशी तिथे असला की पर्यटक. पर्यटकाने आदल्या दिवशी पास काढायचा, संध्याकाळी सहाच्या आत खाली उतरायचं, आणि रात्री राहायचं तर नोंदणी केलेल्या निवासातच. लग्न झाल्यावर अमृताने मोठ्या हौसेने आधारवर नवीन नाव आणि नवा पत्ता घातला होता. हौसेचा असा सूड क्वचितच कोणी घेतला असेल.

कोणीतरी निरोप दिला तशा यशोधराबाई चपला घालायचंही विसरून गेटवर आल्या.

"पप्पू, ही कोण आहे?"

"अमृता हाय, काकू."

"मग?"

"मग काय, काकू. मला दिसतीय अमृता, मशिनला दिसतोय पर्यटक. आन् पगार मशिनवाले देत्यात."

शेवटी आदल्या दिवशीची तारीख घालून जागेवरच पास काढून त्याने दोघांना आत सोडलं. यशोधराबाईंनी मुलीला जेवू घातलं, पाय चेपून दिले, अजून एक पोळी खा, अशी बसू नको, अशी उठू नको, हे सगळं यथासांग केलं. साडेपाच वाजून गेले नसतील, तोच पप्पूचा फोन.

"काकू, तुमचे पर्यटक अजून खाली आले न्हाईत."

सोमवारी यशोधराबाई लोणावळ्याच्या कचेरीत गेल्या. तिथल्या तरुण कारकुनाने त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मुलगा सभ्य होता आणि त्याच्याकडे तोडगाही होता.

"मॅडम, सोपं आहे. तुमच्या घराची होमस्टे म्हणून नोंदणी करा. मग मुलगी कितीही दिवस राहू दे."

"माझ्याच घरात?"

"हो. फक्त आग विझवायचं नळकांडं लागेल, दाराशी दरपत्रक लावावं लागेल, आणि एक तक्रारवही ठेवावी लागेल."

"मुलीला तक्रारवही कशाला?"

"सगळ्यांनाच ठेवावी लागते," कारकून म्हणाला.

घरी येऊन त्यांनी ही हकीकत सुहासना सांगितली. सुहास म्हणाले, "दर काय लावायचा विचार आहे? ओळखीतल्यांना सूट देणार का?" मग बायकोचा चेहरा पाहून ते हातपाय धुवायला गेले.

खरं दुखणं पुढेच होतं. फोनवर अमृता म्हणाली, "जाऊ दे ना, आई. तळेगावचा दवाखाना इथनं जवळ आहे. मी इथंच थांबते. तूच येऊन जा अधूनमधून." हे ती इतकं चटकन म्हणाली की यशोधराबाईंना वाटलं, तिला सासरच्यांनी पढवलंय. त्या फोन ठेवून चुना दिलेल्या खोलीत जाऊन बसल्या. मुलगी पहिलटकरीण, आणि तिला कळा सुरू होतील तेव्हा आपण दांड्याच्या अलीकडे आणि ती पलीकडे. या एका गोष्टीने त्यांची झोप गेली. आधीही फार येत होती अशातला भाग नाही.

पुढच्याच आठवड्यात सुहासनी लोकलमध्ये कोणाच्या तरी पेपरात वाचलेली बातमी घरी आणली. विधानमंडळाची उपविधान समिती दौऱ्यावर येणार होती आणि लोणावळ्याच्या विश्रामगृहात प्राधिकरणाचे नियम तपासणार होती. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी यावं.

यशोधराबाईंचं राज्यशास्त्र जागं झालं. झुंबरबाईंना त्यांनी पायरीवर बसूनच समजावलं. "आमदार लोक कायदा करतात, मावशी. पण कायद्यात मोठं मोठं तेवढंच असतं. कुठं गेट बसवायचं, कोणाला पर्यटक म्हणायचं, हे बारीक नियम कचेरीतले लोक करतात. मग आमदारांनी विचारायला नको का, की आमच्या नावावर तुम्ही काय काय करून ठेवलंय? म्हणून तसला प्रत्येक नियम सभागृहाच्या पटलावर ठेवावाच लागतो. तो बघायला ही समिती."

झुंबरबाईंनी मान डोलावली. "म्हंजी आदी पाटलावर ठेवाया पायजे."

"हो. पटलावर," यशोधराबाई म्हणाल्या, आणि त्यांचं लक्ष तेवढ्यात पातेल्यातल्या दुधाकडे गेलं.

बस. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावचे पोलीस पाटील आदिनाथ दाराशी उभे. आदिनाथ सरळ माणूस. पंचनाम्यावर सही करतानाही आधी तीनदा वाचणारा.

"वैनी, माज्यावर काय ठेवलंय म्हनं?"

"तुमच्यावर? काही नाही, भाऊ."

"आवो, सगळं गाव म्हंतंय, गेटाचा नियम पाटलावर ठेवल्याला व्हता आन् पाटलानं दाबला. झुंबरमावशी सोता म्हनल्या. माजी बायको रात्री कपाट उचकत बसलीती."

यशोधराबाईंनी त्यांना पटल म्हणजे काय ते सांगितलं. सभागृहात एक टेबल असतं, त्यावर कागद मांडायचे म्हणजे सगळ्या आमदारांना ते बघता येतात. आदिनाथांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि निघताना म्हणाले, "कळलं. पर माज्याकडं न्हाई, येवडं तुमी गावाला सांगा." यशोधराबाईंनी सांगितलं. गावाने ऐकून घेतलं आणि आपलं मत कायम ठेवलं. पिठाच्या गिरणीवर आदिनाथांना पाहून लोक मुद्दाम विचारू लागले, "पाटील, उशाला तर न्हाई ना ठेवला?"

समितीचा दिवस उजाडला. यशोधराबाईंनी पिशवीत अमृताचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि पहिलीतला फोटो घेतला. अमृता भाज्याचीच, हे सिद्ध करायला काही कमी पडू नये. सुहास रजा काढून बरोबर निघाले होते. ते म्हणाले, "पहिला पडलेला दात राहिला."

"घेतलाय," यशोधराबाई म्हणाल्या.

झुंबरबाईही आल्या, आणि मागच्या जीपमधून आदिनाथ, इस्त्रीच्या शर्टात. त्यांना आपलं नाव धुऊन घ्यायचं होतं.

विश्रामगृहाच्या दालनात लांब टेबलाच्या एका बाजूला समितीचे आमदार बसले होते. प्रमुख होत्या साठीला आलेल्या एक बाई. त्यांना सर्दी झाली होती आणि त्या दर थोड्या वेळाने गरम पाणी मागवत होत्या. समोर प्राधिकरणाचे मुख्य अधिकारी, त्यांच्यामागे त्यांची माणसं आणि त्यांच्यामागे फायली. मागच्या खुर्च्यांवर जनता.

यशोधराबाईंचं नाव पुकारलं. घरी आरशासमोर पाठ केलेलं भाषण त्या उठल्या तसं खुर्चीतच राहिलं. "माझी मुलगी पर्यटक नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"कोण म्हणतं पर्यटक आहे?" प्रमुख बाईंनी विचारलं.

"मशिन."

मग हळूहळू सगळं सांगून झालं. प्रमुख बाई अधिकाऱ्यांकडे वळल्या. "ही व्याख्या कोणी केली?"

"तज्ज्ञांच्या गटाने, मॅडम. बाहेरच्या देशांतल्या डोंगरांचा अभ्यास करून."

"गटात लग्न झालेली बाई होती का एखादी?"

अधिकाऱ्यांनी मागे पाहिलं. मागच्यांनी त्यांच्या मागे पाहिलं. "तसा निकष नव्हता," ते म्हणाले.

"बरं, बाई, आणखी काही अडचण?"

हा प्रश्न यशोधराबाईंना विचारायला नको होता. इतकी वर्षं त्यांना हे असं आपणहून कोणी विचारलं नव्हतं. गेट रात्री बंद असतं, तर किल्ली कोणाकडे? पप्पूकडे असेल, तर पप्पूची झोप केवढी गाढ आहे हे समितीला माहीत आहे का? कळा रात्री सुरू झाल्या आणि गाडी वराळ्याची असली, तर तिला पास आदल्या दिवशी कसा काढणार? कळा काय आदल्या दिवशी कळवून येतात? म्हातारा माणूस गेला आणि लेकी रविवारी मातीला आल्या, तर त्यांनाही सहाला उतरवणार का? जावई आला तर त्याला होमस्टेत ठेवायचं का? पेन असलेल्या सगळ्या आमदारांनी पेनं उचलली. यशोधराबाईंच्या काळजीचं टिपण घेतलं जाण्याची ही पहिलीच वेळ. त्या खुलल्या. दांड्यावर बिबट्या येऊन बसला तर, इथपर्यंत त्या आल्या तेव्हा प्रमुख बाईंनी हात वर केला.

"बिबट्याचं वन खातं बघेल. बसा तुम्ही."

मग त्यांनी फाईल पुढे ओढली आणि अगदी साध्या आवाजात अधिकाऱ्यांना विचारलं, "हा नियम पटलावर कधी ठेवला?"

अधिकारी पानं उलटू लागले. मागच्या माणसाने पुढे एक फाईल दिली, ती नव्हती. दुसरी दिली, तीही नव्हती. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आदिनाथ उभे राहिले होते. त्यांनी हात जोडले.

"म्याडम, मी आदिनाथ, भाज्याचा पोलीस पाटील. शपतीवर सांगतो, माज्यावर कुनी काय बी ठेवल्यालं न्हाई. सगळं घर झाडून बगितलंय."

क्षणभर कोणालाच उलगडा झाला नाही. मग एका आमदाराने तोंडावर फाईल धरली, दुसऱ्याला ठसका लागला, आणि प्रमुख बाई इतक्या हसल्या की त्यांची सर्दी मोकळी झाली. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "बसा, पाटील. तुम्ही खरं बोललात. पाटलावर ठेवला नाही आणि आमच्या पटलावरही आलेला मला आठवत नाही." त्या अधिकाऱ्यांकडे वळल्या. "आता तुम्ही सांगा, साहेब, ठेवलाय तरी कुठं?"

साहेबांनी कबूल केलं की ठेवायचा राहिला होता. घाईत गेट आधी बसलं. हिवाळी अधिवेशनात तो जरूर ठेवू, व्याख्याही दुरुस्त करू. तोवर माहेरी येणाऱ्या लेकींना अडवणार नाही आणि रात्री अडलेल्या माणसासाठी दांडा उघडू, असं त्यांनी तिथेच लिहून दिलं. समिती जेवायला उठली.

येताना जीपमध्ये आदिनाथ पुढे बसले. गावात शिरताना त्यांनी काच खाली केली होती, म्हणजे लोकांना चेहरा नीट दिसावा.

यशोधराबाईंनी घरात पाऊल टाकायच्या आधी फोन लावला. "अमू, झालं गं. ये आता. कधी येतेस?"

"अरे वा," अमृता म्हणाली. "बघू."

बघू म्हणजे काय हे यशोधराबाईंना कळेना. त्या आठवड्यात अतुलची पाळी बदलली होती. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलं होतं. त्यापुढच्यात डॉक्टरच गावाला गेले होते. पप्पू स्वतः दोनदा विचारून गेला, "काकू, दांडा वर करून हात दुखाया लागला. आमची पर्यटक कवा येनार?"

शेवटी एका रविवारी यशोधराबाई सुहासना घेऊन वराळ्याला निघाल्या. झुंबरबाईंना तिथल्या नव्या इमारतींतली लिफ्ट बघायची होती, त्याही आल्या. दार अतुलने उघडलं. त्याचे आईवडील लग्नाला गेले होते. अमृता सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, आणि आईला पाहताच तिने पाय खाली घेतले.

यशोधराबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"तुला येऊ देत नाहीत का इथले?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण? आई, अतुल तर बॅग भरून बसलाय." तिने सोफ्यावरची उशी मांडीवर ओढली. "गेट लागलं ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

"बरं वाटलं?"

"पर्यटकाला सहाला परत तरी जाता येतं."

यशोधराबाईंनी पिशवीतले डबे बाहेर काढायला घेतले होते. हात तिथेच थांबला. सुहास खिडकीतून वराळ्याच्या टाकीकडे बघू लागले. अतुल चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेला आणि आतच राहिला.

"मला यायचंय गं," अमृता म्हणाली. "तुझ्या हातचं खायचंय. पण तिकडं आले की मी श्वास घेतला तरी तू सांगतेस असा घेऊ नको. त्या दिवशी चार तासांत तू मला किती गोष्टी सांगितल्यास, मी मोजायचं सोडून दिलं. तू त्या साहेबांना विचारायला लावलंस ना, नियम पटलावर कधी ठेवला? तुझे कधी ठेवलेस?"

हे लागलं. दांडा बसवणाऱ्या लोकांना यशोधराबाई नावं ठेवत होत्या. दांडा घरातच निघाला, तोही त्यांच्याच हातचा.

झुंबरबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग आता परत पाटलाला बोलवाया लागतंय का काय?"

आधी अमृता हसली. मग सुहास. यशोधराबाईंनी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांना आदिनाथांचे जोडलेले हात आठवले आणि ओठ हलले.

"ठेवते," त्या म्हणाल्या. "कुठं ठेवू, सांग."

चहाचं टेबल पुढे ओढलं. सुहासना प्रमुख केलं, कारण सर्दी त्यांनाच झाली होती. झुंबरबाई सदस्य. यशोधराबाईंनी एकेक नियम सांगायचा आणि कारण द्यायचं, असं ठरलं.

"संध्याकाळनंतर डोकं बांधल्याशिवाय बाहेर यायचं नाही. वारा लागतो."

"मंजूर," अमृता म्हणाली. "वाऱ्याचं खरंय."

"दही खायचं नाही."

"मी चार लेकरांच्या टायमाला दही खाल्लंया," झुंबरबाई म्हणाल्या. यशोधराबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू हे आधी माहीत असतं तर त्यांनी शेजारच बदलला असता. दही सुटलं.

"भेटायला येणाऱ्यांनी बाळाचा मुका घ्यायचा नाही."

"मंजूर. बाबांनीसुद्धा नाही," अमृता म्हणाली. प्रमुखांनी निषेध नोंदवला, पण तो टिकला नाही.

"फोन रात्री बंद. डोळ्यांना ताण."

"फेटाळला. अतुल रात्रपाळीला असतो. त्याच्याशी मी कधी बोलू?"

बाळंतिणीला द्यायच्या शेगडीच्या धुरावरून बराच वेळ गेला. अतुल चहा घेऊन बाहेर आला, त्यालाही मत विचारलं, त्याने सासूबाईंकडे पाहून तटस्थ राहायचं ठरवलं. धूर नको, शेक चालेल, असं झालं. जिना, भात, जोरात हसणं, मांडी घालून बसणं, एकेक येत गेलं. काही राहिले, बरेच गेले. एखादा नियम उडाला की यशोधराबाईंना दाढ उपटल्यासारखं होई, आणि मग त्या जागी जीभ लावून बघितल्यासारखं त्या विचारत, "बघ हं, नक्की?"

"नक्की," अमृता म्हणे.

"आणखी काही?" सुहासनी विचारलं.

यशोधराबाई जरा घुटमळल्या. "रात्री खोलीचं दार लावायचं नाही."

"कारण?"

त्यांनी एक कारण शोधलं, ते जुळलं नाही. दुसरं शोधलं, ते झुंबरबाईंसमोर टिकलं नसतं. "कारण काही नाही," त्या म्हणाल्या. "तू लहान होतीस तेव्हापासून दार लावलंस की मला झोप येत नाही. तुझा श्वास ऐकू येत नाही."

अमृता आईकडे बघत राहिली. पोटात बाळाने लाथ मारली असावी, कारण तिचा हात तिथे गेला आणि तिथेच राहिला.

"अर्धं उघडं," ती म्हणाली. "आणि तू आत येऊन बघायचं नाही."

"दारातून?"

"दारातून एकदा."

"दोनदा," यशोधराबाई म्हणाल्या.

प्रमुखांनी मत मागितलं नाही. झुंबरबाई म्हणाल्या, "तीनदा बगनार ही, तुमी दोनदा लिवा." अतुल उठला आणि भरून ठेवलेली बॅग लिफ्टकडे नेऊ लागला. अमृता उठायला लागली तशा यशोधराबाईंच्या तोंडून 'अशी उठू नको' निघायच्या बेतात होतं. त्यांनी ते गिळलं, आणि फक्त हात पुढे केला.